सोलाई विभाग : माहिती उपलब्ध

आमच्या घरात तांदळाची भाकरी मी नऊ वर्षांची असल्यापासून थापते. हौस म्हणून नाही. आई काजूच्या कारखान्यात बी फोडायला जायची. काजूच्या टरफलात एक काळं तेल असतं. ते बोटांना लागलं की कातडी आधी काळी पडते आणि मग सोलवटून निघते. संध्याकाळी घरी आली की ती हाताला खोबरेल चोळून उंबऱ्यात बसायची, आणि आत मी उकड मळायची. तिला ते गरम पीठ हातात धरवत नसे.

बाबा आंब्याच्या बागेत गडी होते. मी पाचवीत असताना झाडावरून पडले आणि कंबरेतून गेले. नंतर ते घरी बसून माडाच्या हिरांचे खराटे बांधायचे आणि शेजारचा कुणीतरी ते सावर्ड्याच्या बाजारात नेऊन विकायचा. बौद्धवाडीतलं आमचं घर दोन खोल्यांचं, चिऱ्याच्या भिंतींचं. आतून गिलावा नव्हता, त्यामुळे पाठ टेकून अभ्यास केला की फ्रॉकला लाल माती लागायची. शाळेत ती माती बघून मुली ओळखायच्या, आज हिचा पाठांतराचा दिवस होता.

पुढे आई फोडाईतून सोलाईत गेली. सुट्टीच्या दिवशी मी तिच्या टेबलाखाली बसून असायची. भाजून निघालेल्या काजूगरावरची पातळ साल छोट्या सुरीने काढायची, गर आख्खा राहिला पाहिजे. मी दहावीला असताना तिला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे झाले होते, उभी राहिली तर भिंत धरावी लागायची. तरी ती रोज गेली, कारण जिचा माल सतत कमी पडायचा तिला पुढच्या हंगामाला बोलावणं येत नसे. आजाराच्या दोन महिन्यांत आईचा ट्रे एकदाही उणा पडला नाही. ही गोष्ट मी आयुष्यभर अभिमानाने सांगत आले. कॉलेजच्या सत्कारात सांगितली, नोकरीच्या मुलाखतीत सांगितली. या लेखात मला त्या गोष्टीकडे परत यावं लागणार आहे.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. वाडीतली दुसरी, पण पहिला जो होता तो मुंबईला गेला आणि परत आला नाही, म्हणून मी त्याला मोजत नाही.

रत्नागिरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी अठरा वर्षं आहे. आमच्याकडे नातेवाईक विचारतात, रंजना काय करते? काकी म्हणतात, 'कॉम्प्युटरमदे हाय.' आईचं उत्तर जास्त बरोबर असतं. ती म्हणते, 'ती लोकांना प्रश्न विचारते. त्याचा तिला पगार मिळतो.'

खरंच तसं आहे. कारखानदार येतो आणि म्हणतो, मला सॉफ्टवेअर पाहिजे. त्याला काय पाहिजे हे त्याला अर्धवटच माहीत असतं. उरलेलं त्याच्या स्टोअरकीपरला माहीत असतं, काही वजनकाट्यावरच्या माणसाला, काही कुणालाच नाही. त्या सगळ्यांना भेटून, विचारून, एका कागदावर आणायचं, म्हणजे आमची प्रोग्रामर मुलं चुकीची वस्तू बनवणार नाहीत. पण विचारणं हे निम्मंच काम. निम्मं काम त्याच्या आधीचं असतं: कोणाकोणाला विचारायचं, कोणाला आधी, कुठे बसून, कोणत्या वेळी, आणि त्या वेळी खोलीत कोण नसलं पाहिजे. ती यादी चुकली की पुढचं सगळं चुकतं.

यादी चुकते कशी, ते मी पूर्णगडला शिकले. मच्छीमारांच्या सोसायटीचं काम होतं. मी होड्या चालवणाऱ्या आठ तांडेलांना सकाळी दहाची वेळ दिली, प्रश्नांचे छापील कागद नेले, आणि दहा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये मी, शिपाई आणि एक मांजर एवढेच. शिपाई म्हणाला, "मॅडम, भरती आता लागलीय. होड्या आता आत घेतील, का तुमच्याकडे येतील?" मी म्हटलं, काल का नाही सांगितलंत? तो म्हणाला, "तुमी वेळ सांगितलीत. विचारलीत कुठं?" तेव्हापासून माझ्या डायरीत भरती-ओहोटीचं कोष्टक असतं, आणि रत्नागिरीत हे काम माझ्यासारखं करणारं दुसरं कोणी नाही अशी माझी समजूत होती.

ती समजूत केतकी येईपर्यंत टिकली.

केतकी पुण्याची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून रत्नागिरीला आली आणि आमच्या सरांनी तिला माझ्या हाताखाली दिलं. वय अठ्ठावीस. मी तिच्याबद्दल काही वाईट सांगू शकत नाही, आणि तोच मला त्रास होता. ती वेळेवर यायची. माझ्या डब्यातलं बांगड्याचं तिखलं मागून खायची. इंग्रजी असं बोलायची की क्लायंट सरळ बसायचे. मी इंग्रजी बोलते तेव्हा मी सरळ बसते. पण मला खरा हेवा वाटायचा तो वेगळ्या गोष्टीचा. तिला एखादी गोष्ट माहीत नसली तर ती सरळ म्हणायची, 'मला माहीत नाही, सांगा ना.' आणि समोरचा खुशीत सांगायला लागायचा. मला ते कधी जमलं नाही. मला माहीत नाही असं म्हटलं की समोरच्याला माझ्या फ्रॉकवरची माती दिसेल, असं मला पन्नाशीकडे झुकतानाही वाटतं. केतकीच्या घरी आजीसुद्धा पदवीधर. तिचं न माहीत असणं लोकांना गोड वाटायचं.

अशा वेळी तो काजूचा कारखाना आला. आईने जिथे बावीस वर्षं काढली तोच. जुने शेठ गेले होते, त्यांचा मुलगा सगळं बघत होता आणि त्याला बी येण्यापासून डबा भरेपर्यंत प्रत्येक टप्प्याची नोंद हवी होती. सरांनी मला बोलावलं तेव्हा मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "सर, तो कारखाना मला आतून माहीत आहे." सर म्हणाले, म्हणूनच तुम्हाला देतोय, केतकीला बरोबर न्या.

मी यादी केली. मालक, मॅनेजर, गोदाम, फोडाई, भट्टी, प्रतवारी, पॅकिंग, मुकादम. प्रत्येकापुढे दिवस, वेळ, जागा, प्रश्न. सोलाईच्या बायकांपुढे मी लिहिलं: 'माहिती उपलब्ध'.

केतकीने यादी वाचली. "रंजनाताई, सगळ्यात जास्त माणसं सोलाईत आहेत ना? त्यांच्यापैकी कुणालाच नाही विचारायचं?"

"त्यांना काय विचारायचं? माझं लहानपण त्या टेबलाखाली गेलंय."

तिने यादी परत दिली. मला बरं वाटलं.

धाकटे शेठ भले होते, उगाच खोटं लिहिणार नाही. मी त्यांना माझा ठरलेला पहिला प्रश्न विचारला: सगळ्यात जास्त काय सलतं? ते म्हणाले, "तुकडा. आख्खा गर निघायला हवा तिथे तुकडा निघतो आणि कुणामुळे ते कळत नाही." मग म्हणाले, प्रत्येक बाईच्या ट्रेवर तिच्या नावाचं स्टिकर लावा, म्हणजे कळेल. मी लिहून घेतलं.

सोलाईत तोवर पद्धत अशी होती की टेबलाच्या मधोमध गरांचा ढीग ओतायचा, भोवती आठ बायका बसायच्या, जी ती आपल्यापुढे ओढून सोलायची, आणि दुपारी प्रत्येकीचा सोललेला ट्रे काट्यावर जायचा. ढीग कुणी मोजून देत नसे. मला लहानपणापासून तो ढीग गबाळा वाटायचा. मी ठरवलं, ढीग बंद. प्रत्येकीला मोजून माल, तिच्या नावाच्या ट्रेत, आणि तोच ट्रे परत काट्यावर. कागदावर ते इतकं नीट दिसत होतं की मी स्वतःवरच खूश झाले.

मुकादम होती शेवंताकाकी. आईच्या बरोबरीची. तिची मुलाखत घ्यायला सोलाईच्या दालनात गेलो तर ती माझ्या प्रत्येक प्रश्नाला म्हणायची, "तुला काय सांगायचं, बाय? तुला म्हायत हाय की." मला तो मान वाटत होता. वहीचं पान मात्र कोरं राहत होतं. तेवढ्यात केतकीने विचारलं, "काकी, काजूचं बी फळाच्या आत असतं ना, आंब्याच्या बाठीसारखं?"

दालनातले सगळे हात थांबले. मग हशा असा उठला की भट्टीवरचा माणूस बघायला आला. सुलभाकाकी म्हणून एक वयस्कर बाई होती, ती उठून कुंपणाकडे गेली आणि खाली बी लटकलेला एक बोंडू तोडून घेऊन आली. "बग, हा बोंडू. बी आसा बाहेर. देवानं घाईत बनवलंन, आत घालायचं राहिलं." केतकीने बोंडू तिथेच खाल्ला, रस कोपरापर्यंत ओघळला, आणि पुढचा अर्धा तास त्या बायका तिला एकेक गोष्ट दाखवत होत्या. सुरी कशी धरायची, ओला गर कसा ओळखायचा. मी बाजूला उभी होते. हे सगळं मला येत होतं. मला कुणी दाखवलं नाही.

दुपारी जेवायला माझ्या घरी गेलो. कारखान्यापासून पंधरा मिनिटांवर आमची वाडी. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, आई एकटी असते. मी मागच्या दारी फोनवर सरांशी बोलत होते, आणि आत आई हसत होती. फोन संपवून आले तर केतकी आईच्या शेजारी जमिनीवर बसलेली, आईचा हात तिच्या हातात. आई तिला बोटं उलगडून दाखवत होती, कुठल्या बोटाची कातडी कितीदा गेली ते. ते हात मी नऊ वर्षांची असल्यापासून बघत आले होते. मला ते दुसऱ्या कुणाच्या हातात बघवेना. मी म्हटलं, "चला, उशीर होतोय."

परतताना गाडीत केतकी म्हणाली, "ताई, आपण तो ढीग बंद करू नये असं मला वाटतं. आई म्हणाल्या की त्या ढिगामुळेच..."

"तू दोन दिवस कारखाना बघितलास," मी म्हटलं. "मी बावीस वर्षं त्याचं खाल्लंय. कागद मी लिहीन."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. कागद मी लिहिला. अशा कागदावर माहिती कुणी गोळा केली त्यांची नावं असतात. मी एकच नाव लिहिलं.

त्यावरून आमच्या मुलांनी सॉफ्टवेअर बनवलं आणि कारखान्यात आठ दिवसांची चाचणी ठरली. पहिल्या दिवशी बायकांनी स्टिकरवरची आपली नावं बोटाने चाचपून बघितली. दुसऱ्या दिवशी दालनातलं बोलणं बंद झालं. मी समजले, काम मन लावून चाललंय. तिसऱ्या दिवशी सुलभाकाकीचा ट्रे काट्यावर आला तो अर्धा न सोललेला. पडद्यावर तिच्या नावासमोरची ओळ लाल झाली. मीच तो रंग निवडला होता. मागे रांगेत चौदा बायका ट्रे घेऊन उभ्या होत्या. सुलभाकाकीला पडद्यावरचं वाचता येत नव्हतं, पण रंग दिसला. तिने मला विचारलं, "रंजू, ह्ये माझं नाव हाय?"

मी हो म्हटलं.

चौथ्या दिवशी ती आली नाही. पाचव्याही दिवशी नाही. शेवंताकाकी काट्याजवळ माझ्याकडे न बघता म्हणाली, "झालं तुझं काम?"

मी तशीच आईकडे गेले. आई चुलीपुढे होती. मी सगळं सांगितलं, ट्रे, स्टिकर, लाल ओळ. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. हंगाम सरला की ऑपरेशन करनार व्हती. तवर बाकीच्या मूठ टाकीत व्हत्या."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? काट्यावर जायच्या आदी परत्येकीनं आपल्यातली एक मूठ तिच्या ट्रेत टाकायची. ढीग मधे असला की कुनी किती सोललंन ते कळत नाय. आता तू मोजून दिलंस. मूठ टाकली तर सुलभाचं दिल्यापेक्षा जास्त येनार आनि टाकनारीचं कमी. कोन टाकील?"

मी विचारलं, हे कधीपासून चालतं.

"मी लागले त्याच्या आदीपासून. बाळंतीण असली, कुनी आजारी असली, की टाकायची. शेवंता बगून न बगितल्यासारखं करते." मग ती लाकूड आत सारत म्हणाली, "मला कावीळ झाली तवा मी काय सोलीत व्हते? बसल्या जागी झोप लागायची. दोन म्हयने सात बायकांनी माझा ट्रे भरलानी. त्यात सुलभा व्हती."

सत्कारात टाळ्या घेतलेली गोष्ट ती. मग जे बोलले ते आजही लाजिरवाणं वाटतं. मी म्हटलं, "हे तू केतकीला सांगितलंस. मला कधी नाही सांगितलंस."

आई म्हणाली, "तिनं विचारलंन. तू सगल्या जिल्ह्याला विचारीत फिरतेस, रंजू. मला कधी विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी मी केतकीला सगळं सांगितलं. ती 'मी म्हटलं होतं' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "आता शेठना काय सांगायचं? मूठ सांगितली तर उद्या तीच बंद करतील."

तो खरा पेच होता. जे ऐकलं ते लिहायचं, हा आमच्या धंद्याचा नियम. पण ऐकलेलं लिहिलं तर ज्यांनी विश्वासाने सांगितलं त्यांचाच घात. मी आधी सोलाईत गेले. शेवंताकाकीला म्हटलं, तुम्ही तासभर बाहेर बसा. मग टेबलाशी जाऊन आईच्या जुन्या जागेवर बसले, सुरी घेतली आणि म्हटलं, "मला काही माहीत नाही असं समजा. सांगा." पहिली पाच मिनिटं सगळ्या आपापलं सोलत राहिल्या. मग एकजण म्हणाली, "बाय, आदी सुरी तरी नीट धर." तिथून सुरुवात झाली.

त्या तासात मला आणखी एक गोष्ट कळली. चाचणीच्या दिवसांत तुकडा कमी न होता वाढला होता. पूर्वी नाजूक, ओले गर ढिगातून उचलून सराईत बायका घ्यायच्या आणि सोपे गर नवख्या बायकांकडे सरकवायच्या. आता जिच्या ट्रेत जे येईल ते तिचं, आणि शेजारणीच्या पुढे राहायची घाई.

हे मात्र मला लिहिता येत होतं. शेठसमोर मी चाचणीतल्या तुकड्याचे आकडे मांडले आणि म्हटलं, नोंद बाईच्या नावावर नको, टेबलावर घेऊ. ढीग मोजून टेबलाला द्या, सोललेला माल आणि तुकडा टेबलाचा मोजा. टेबलातली वाटणी बायका आणि मुकादम आजवर बघत आल्यात, पुढेही बघतील.

शेठ म्हणाले, "मग कमी कोण करतं ते कसं कळणार मला?"

"तुम्हाला पहिल्या दिवशी विचारलं होतं, काय सलतं. तुम्ही तुकडा म्हणालात. कमी कोण करतं, असं नव्हतात म्हणाला."

त्यांनी केतकीकडे बघितलं. तिने आपल्या त्या इंग्रजीत दोन वाक्यं टाकली, शेठ सरळ बसले आणि हो म्हणाले. त्या क्षणी तिचा हेवा वाटला नाही असं मी म्हणणार नाही. दोन वाक्यांत झालं. मला वीस मिनिटं लागली होती.

मी शेठना खरं तेच सांगितलं, पण सगळं सांगितलं नाही. अठरा वर्षांत एवढं एकदाच केलंय, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

सुलभाकाकीला आणायला मी स्वतः गेले. ती म्हणाली, "ती लाल पट्टी?" मी म्हटलं, काढली. ती म्हणाली, "तुझ्या आयेला विचारून केलंस ना ह्या खेपेला?" मी हो म्हटलं, आणि ती पायांत चपला सरकवायला लागली.

कागद दुसऱ्यांदा लिहिला तेव्हा नावं दोन टाकली. केतकीचं वर ठेवावं असं मनात आलं होतं. ठेवलं खाली. अनुभवाप्रमाणे क्रम असतो अशी स्वतःची समजूत घातली. पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती गेली. तिचा अजून फोन येतो, आधी आईला आणि मग मला. तेही मला टोचतं.

ते सॉफ्टवेअर आज चालू आहे आणि सोलाईची नोंद टेबलावर होते. सुलभाकाकीचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर ती आणखी दोन हंगाम सोलून आपल्या मर्जीने घरी बसली. आमच्या कंपनीत मुलाखतींची यादी करताना 'माहिती उपलब्ध' हे शब्द आता कुणी लिहू शकत नाही. तो नियम मी केलाय.

आणि गेल्या मे महिन्यात मी आईची मुलाखत घेतली. दोन दिवस आधी वेळ मागून, वही घेऊन, तिला सोयीची जागा विचारून. ती म्हणाली उंबऱ्यात बसू. अडीच तास चालली. सगळं लिहून घेतलंय.